नातवंडांची गोधडी आजीच का शिवते? थोडी पार्श्वभूमी

घरात बाळ येणार असं कळलं की घरातली कुणीतरी मोठी बाई सुई-दोरा काढून बसते, हे जगात जवळजवळ सगळीकडे दिसतं. कुणी त्याला दुपटं म्हणेल, कुणी गोधडी, कुणी क्विल्ट. आपण हे सगळं माया या एका शब्दात बसवतो आणि ती माया खरीच आहे, पण तिला नेमकी गोधडीचीच वाट का मिळाली आणि ती वाट आजीच्याच हातातून का गेली हे बघायला गेलं की त्यामागे कापडाची टंचाई, घरातल्या कामाची वाटणी, गिरण्या, रंग, शाई आणि अगदी अलीकडचं बाळांच्या झोपेचं शास्त्र असं बरंच काही निघतं.

सुरुवात कापडापासूनच करावी लागते. सूत चरख्यावर किंवा टकळीवर हाताने काढलं जायचं आणि एक विणकर कामाला लावायचा तर त्याला सूत पुरवायला कितीतरी कातणारे हात लागायचे, त्यामुळे कापड ही साध्या घरातली बऱ्यापैकी मौल्यवान वस्तू होती. ते फाटलं म्हणून कुणी टाकत नसे. मोठ्यांचं वस्त्र विरलं की त्यातलं धड कापड काढून मुलांचे कपडे, तेही विरले की गोधडीचे थर, आणि गोधडीही झिजली की पुसायचं फडकं, असा त्याचा प्रवास ठरलेला असायचा. आता या प्रवासात बाळाच्या वाट्याला सगळ्यात जुनं कापड यायचं त्यामागे नुसती गरिबी नव्हती. शेकडो वेळा धुतलेल्या सुती कापडातली खळ पूर्ण निघून गेलेली असते, तंतू मोकळे झालेले असतात, ते ओल पटकन शोषतं आणि नाजूक कातडीला टोचत नाही. शिवाय पाच-सहा थर एकावर एक घातले तरी जुनेरातून सुई सहज जाते, कोऱ्या कापडाचे तेवढे थर हाताने शिवून बघा, बोटं दुखून येतात. थरांच्या मध्ये हवा अडकते आणि ऊब ती हवाच देते, म्हणून पातळ पातळ खूप थर हे एका जाड थरापेक्षा जास्त गरम. हे गणित कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं पण करणाऱ्या बायकांना पक्कं माहीत होतं.

मग आजीच का. याचं सगळ्यात स्पष्ट उत्तर मला कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या गोधड्यांमध्ये दिसतं, तिथे त्यांना कवांदी म्हणतात. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून शतकांपूर्वी भारतात आलेल्या लोकांचे वंशज. त्यांच्यात कवांदी शिवतात त्या मुख्यतः वयस्क बायका, ज्यांना आता शेतातलं जड काम झेपत नाही, आणि शिवतात त्या मुलांसाठी आणि नातवंडांसाठी. म्हणजे तरुण बाईचे हात शेतात, स्वयंपाकात, पाण्यात गुंतलेले, बसून करता येईल असं काम वय झालेल्या बाईकडे, आणि घरातलं जुनं कापडही तिच्याचकडे साठलेलं. असं सगळं जुळून आलं की नातवंडाचं पांघरूण आजीच्या हातून होणार हे ठरूनच जातं. पण नुसतं काम उरकलंय असं तिथे कुठेच दिसत नाही. कवांदी कडेपासून शिवायला घेतात आणि गोल फिरत मध्यावर येतात, आणि शेवटी चार कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्या घातलेल्या कापडाची फुलं लावतात ज्यांचा उपयोग ऊब देण्यासाठी शून्य आहे. फुलं नसतील तर ती कवांदी उघडी राहिली असं मानतात. गरजेच्या वस्तूवर गरजेपेक्षा जास्त मेहनत घेतलेली दिसते तिथे मला त्या बाईचा स्वतःचा निर्णय दिसतो, आणि या सगळ्या इतिहासातला तो भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

उपखंडात अशा गोधड्यांचं कुटुंब फार मोठं आहे. बंगालचा कांथा, सिंधची रल्ली, राजस्थानची गुदडी, कर्नाटकातली कौदी, आपली गोधडी आणि वाकळ, सगळ्यांचा जीव साध्या धावदोऱ्यात. बिहारमधली सुजनी तर मुळात नवजात बाळासाठीच, जुन्या साड्यांचे तुकडे जोडून त्यावर धावदोरा घालायचा. तिथे चितिरिया माँ म्हणजे चिंध्यांची देवी मानतात, तुकडे जोडून अखंड वस्तू होते त्यात बाळाचं रक्षण आहे अशी ती श्रद्धा. मुझफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसुरा आणि आसपासच्या गावांत १९८० च्या दशकाच्या शेवटी बायकांनी ही कला विक्रीसाठी पुन्हा उभी केली आणि २००६ मध्ये सुजनीला जीआय, म्हणजे त्या भागाची खास वस्तू अशी सरकारी ओळख, मिळाला. विक्रीच्या सुजनीवर मग बायकांच्या आयुष्यातले विषय आले, हुंडा, शिक्षण वगैरे. बाळासाठीची घरगुती सुजनी मात्र असल्या नोंदींमध्ये फारशी येत नाही कारण ती बाजारात येतच नाही.

चीनमध्ये शंभर घरांतून कापडाचे तुकडे मागून आणून बाळाला अंगरखा किंवा पांघरूण करायची रीत होती. जपानमध्येही, विशेषतः कानाझावाच्या भागात, असेच अनेक घरांच्या तुकड्यांचे छोटे किमोनो केले जायचे. जिथे लहान मुलं फार दगावायची तिथे ही कल्पना वाढली हे लक्षात घ्यायला हवं. इतक्या घरांचं कापड अंगावर असेल तर इतक्या घरांचे आशीर्वाद आणि आयुष्य बाळाला मिळेल, मूल एकट्या आईबापाचं न राहता सगळ्यांचं होईल. अशा घरात आजीने सुई हातात घेतली तेव्हा तिच्या डोक्यात सजावट किती आणि भीती किती असेल याचा विचार केला की त्या तुकड्यांकडे बघायची नजरच बदलते.

ही कला किती जुनी हे ठामपणे सांगणं अवघड, कारण कापड कुजतं. तरी इजिप्तच्या पहिल्या राजघराण्याच्या काळातली हस्तिदंती मूर्ती आहे, ॲबिडोसला सापडलेली, तिच्यातल्या राजाच्या अंगावरचं वस्त्र क्विल्टिंग केल्यासारखं, म्हणजे थर टाक्यांनी जोडल्यासारखं, दिसतं. मध्य आशियाच्या वाटेवर, चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहांमध्ये तुकडे जोडून केलेलं बौद्ध कापड मिळालं, साधारण आठव्या-नवव्या शतकातलं. सिसिलीत चौदाव्या शतकात केलेल्या ट्रिस्टन क्विल्टवर तर ट्रिस्टन या वीराच्या कथेतले प्रसंग टाक्यांनी उठवलेत. पण हे सगळं राजांचं, देवळांचं, श्रीमंतांचं. बाळांच्या गोधड्या यात जवळजवळ नाहीत, आणि त्याचं कारण साधं आहे, त्या वापरल्या गेल्या. ओल्या झाल्या, धुतल्या, उन्हात वाळल्या, पुढच्या भावंडाला गेल्या आणि संपल्या. म्युझियममध्ये जे पोचलं ते मुख्यतः ठेवणीतलं, पेटीत जपलेलं, म्हणजे सगळ्यात कमी वापरलेलं. म्हणून जुन्या क्विल्टच्या पुस्तकांतले सुंदर फोटो बघून जुन्या आज्या अशाच गोधड्या करायच्या असं समजू नये, तिथे रोजच्या गोधड्या फार थोड्या आहेत.

युरोपात तुकड्यांच्या कामाला जोर आला त्यात भारतीय छिटाचा मोठा हात आहे. इथलं रंगीत छापील सुती कापड, न उतरणाऱ्या रंगाचं, तिकडे इतकं आवडायला लागलं की तिथल्या लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांनी आरडाओरडा केला आणि इंग्लंडने १७०० मध्ये कायदा करून छापील छीट आणण्यावर बंदी घातली, १७२१ मध्ये बहुतेक छापील सुती कापड वापरण्यावरही, ती १७७४ मध्ये उठली. इंग्लंडमधलं जुनं पॅचवर्क, म्हणजे तुकडे जोडून केलेलं काम, म्हणून ज्याचं नाव घेतात ते लेव्हन्स हॉल या जुन्या वाड्यातलं, साधारण १७०८ चं, भारतीय छिटाच्या तुकड्यांचं आहे. जे कापड आणणंच मुश्किल होतं त्याचा इंचभर तुकडासुद्धा का जपला गेला हे यावरून कळतं.

मग गिरण्या आल्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सूत काढायची यंत्रं, १७९३ मध्ये एली व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र, आणि कापड भराभर स्वस्त होत गेलं. हे स्वस्त कापड अमेरिकेतल्या गुलामांच्या राबण्यावर उभं होतं हे बाळाच्या क्विल्टबद्दल लिहितानाही वगळू नये, आणि तेव्हाच्या काही बायकांनी ते वगळलंही नाही. १८३६ मध्ये बोस्टनला गुलामगिरीविरोधी जत्रेत विकायला एक पाळण्यातलं क्विल्ट होतं, लेखिका लिडिया मारिया चाइल्ड यांच्याशी त्याचं नाव जोडलं जातं. चांदण्यांची नक्षी आणि मध्यावर शाईने लिहिलेली कविता, आईला विचारणारी की आपल्या बाळाला कवेत घेताना तुला त्या गुलाम आईची आठवण येते का जिचं मूल तिच्यापासून तोडलं जातं. बाळाच्या पांघरुणावर एवढी जड गोष्ट लिहायचं धाडस मला फार मोठं वाटतं.

त्या क्विल्टवर शाई आहे यालाही महत्त्व आहे. आधीच्या लोखंडी शाईने कापड खाल्लं जायचं, अक्षरांच्या जागी भोकं पडायची. १८३० च्या दशकात कापडाला न खाणारी पक्की शाई मिळू लागली आणि १८४० च्या आसपास अमेरिकेत नावं लिहिलेल्या क्विल्टची लाटच आली, माणसं पश्चिमेकडे निघून जात होती, परत भेट होईल याची खात्री नव्हती. नावं घालायची ओढ इकडेही होती, एकोणिसाव्या शतकातल्या मानदासुंदरी दासी यांचा कांथा कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात आहे, बापासाठी केलेला, त्यावर ते टाक्यांनीच लिहिलंय. पण असे अपवाद थोडे. बहुतेक गोधड्यांवर करणारीचं नाव नाही आणि ज्याच्यासाठी केली त्याचंही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लोखंडाचा हा त्रास रंगातही होता. जुन्या क्विल्टमध्ये लाल तुकडे ठणठणीत आणि शेजारचे चॉकलेटी-काळे तुकडे झडून गेलेत असं दिसतं, कारण तो गडद रंग पक्का करायला वापरलेलं लोखंड सूत हळूहळू कुजवतं. आतल्या कापसावरूनही बरंच समजतं. जुना कापूस धुतल्यावर गोळा व्हायचा म्हणून टाके जवळजवळ घालावेच लागायचे, इंच-दीड इंचावर. विसाव्या शतकात पॉलिएस्टरचं भरण आलं तेव्हा टाके लांब लांब घातले तरी चालू लागलं. आत सरकीचे कण दिसले की क्विल्ट सरकी-यंत्राच्या आधीचं, असं मात्र समजू नये, यंत्रातूनही थोडी सरकी सुटायचीच.

१८५१ मध्ये सिंगरने शिलाई मशीनचं पेटंट घेतलं आणि पुढे हप्त्यांवर मशीन घरोघरी गेलं. तुकडे जोडायचं काम मशीनवर आणि वरचे टाके हाताने अशी वाटणी तेव्हापासूनची. आता कापडही स्वस्त, कारखान्याचं ब्लँकेटही स्वस्त, मग हे सगळं थांबायला हवं होतं, पण नेमकं तेव्हाच लहान मुलांचं क्विल्ट ही वेगळी गोष्ट म्हणून उभी राहिली. इंडियानातल्या मेरी वेबस्टर यांची डिझाईन्स १९११ पासून अमेरिकन मासिकात रंगीत छापून आली, त्यात मुलांची खास फिकट रंगांची क्विल्ट होती, आणि १९१५ मध्ये त्यांनी क्विल्टच्या इतिहासावर आख्खं पुस्तक लिहिलं, या विषयावरचं पहिलं. अनेक वर्षांनी ते पुन्हा छापलं ते त्यांच्या नातीने. १९३० च्या मंदीत पिठाच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या सुती पोत्यांवर कंपन्या मुद्दाम फुलांची छपाई करायला लागल्या कारण बायका ती पोती उसवून कपडे आणि क्विल्ट करतात हे त्यांना कळलं होतं. अलाबामातल्या जीज बेंड गावात कामाच्या पॅन्ट-शर्टांची क्विल्ट झाली, ऊब मिळावी म्हणून केलेली, आणि २००२ मध्ये तीच ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयांत भिंतीवर लागली. त्याआधी १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने क्विल्ट चित्रासारखी टांगली होती, तिथून छंद म्हणून क्विल्टिंग परत जोरात आलं. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीचा गोल पात्याचा कटर आला आणि दुखऱ्या बोटांनी कात्री चालवत बसायचा सगळ्यात मोठा त्रास कमी झाला, माझ्या मते आज इतक्या आज्या हे करू शकतात त्यात त्या पात्याचा वाटा फार आहे.

शेवटचा मोठा बदल डॉक्टरांकडून आला. बाळाला पालथं झोपवणं आणि पाळण्यात मऊ, सैल पांघरुणं असणं याचा झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूंशी संबंध दिसला आणि ब्रिटनमध्ये १९९१ ला, अमेरिकेत १९९४ ला बाळाला पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली. पुढच्या वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की पहिलं वर्षभर बाळ झोपतं तिथे सैल गोधडी, रजई, उशी काही ठेवू नये. हे ऐकून बऱ्याच जणींना दुखावल्यासारखं होतं, पिढ्यान्पिढ्या हेच तर करत आलो म्हणून. पण हे मनापासून मान्य करावं. गोधडी फुकट जात नाही, ती खाली जमिनीवर येते, बाळ जागं असताना समोर बसून त्याला पालथं घालायला, लोळायला, आणि वर्ष झाल्यावर पांघरायला. मणी आणि बटणं मात्र नकोतच, ती तोंडात जातात.

आणि अलीकडे कापडाची दिशाच उलटी फिरलेली दिसते. पूर्वी मोठ्यांचं विरलेलं कापड बाळाकडे जायचं, आता कपडे इतके होतात आणि मुलं इतक्या लवकर त्यातून मोठी होतात की आज्या नातवंडाचेच लहान झालेले झबले, शाळेचे टी-शर्ट साठवून ठेवतात आणि ते मूल कॉलेजला निघालं की त्याची गोधडी करून देतात. हे जुन्या कामापेक्षा अवघड आहे, कारण टी-शर्टचं कापड ताणलं जातं आणि धावदोऱ्यात वाकडं होतं, म्हणून प्रत्येक तुकड्याला कापायच्या आधी मागून फ्यूजिंग, म्हणजे उष्णतेने चिकटणारं अस्तर, इस्त्रीने चिकटवून घ्यावं लागतं आणि छापील चित्रावर थेट इस्त्री फिरवायची नाही, मध्ये सुती फडकं ठेवायचं.