वेल्डिंग आधी, चुंबक नंतर

डाळमिल, पिठाची गिरणी आणि चटणी-मसाल्याचे कारखाने चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"चुंबक उतरलाय, चार्ज करून द्या." ही मागणी आमच्याकडे वरचेवर येते. ग्रिल, म्हणजे मालातलं लोखंड पकडणारी चुंबकी नळ्यांची जाळी, हातात घेतली की बहुतेक वेळा कारण डोळ्यांनाच दिसतं. नळीच्या टोकाशी वेल्डिंगचा निळसर-तपकिरी डाग असतो. हॉपरमध्ये, म्हणजे माल ओतायच्या नरसाळ्यात, ग्रिल हलते, म्हणून फिटरने जागेवरच दोन टाके मारलेले असतात.

या स्टीलच्या नळीत निओडिमियमचे चुंबक बसवलेले असतात. निओडिमियम, लोखंड आणि थोडंसं बोरॉन असा हा मिश्रधातू. १८८५ मध्ये व्हिएन्नात कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी निओडिमियम वेगळं काढलं, पण त्याचा चुंबक तयार व्हायला १९८० चं दशक उजाडलं. तेवढ्याच आकाराच्या काळ्या फेराइट चुंबकाच्या जवळपास दहापट ऊर्जा यात साठते. म्हणूनच इंचभर जाडीची नळी वाहत्या डाळीतून खिळा आणि लोखंडाचा बारीक कीस ओढून घेते.

ताकद मोठी, पण उष्णता सोसत नाही. साध्या ग्रेडच्या चुंबकाची मर्यादा ८० अंश सेल्सिअस आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त तापतं, तरी तेवढ्याने चुंबकाला काही होत नाही. वेल्डिंगचं तसं नाही. तिथे स्टील वितळतं, म्हणजे १४०० अंशांच्या घरातली उष्णता नळीतून सरळ आत उतरते. ८० च्या वर गेलं की ताकद कमी होऊ लागते आणि चुंबक गार झाल्यावरही गेलेली सगळी ताकद परत येत नाही. ३१० अंशांच्या आसपास तर चुंबकत्व पूर्णच जातं. वाफेने किंवा उकळत्या पाण्याने ग्रिल धुणाऱ्यांचंही नुकसान होतं, फक्त हळूहळू. कोरड्या फडक्याने किंवा हवेच्या प्रेशरने साफ करा, तेवढं पुरतं.

मग चार्ज का करून देत नाही? नळीत चुंबक एकापुढे एक, सारखे ध्रुव समोरासमोर ठेवून, मध्ये लोखंडी चकती घालून दाबून बसवलेले असतात. कीस नळीवर पट्ट्यापट्ट्यांनी चिकटतो तो यामुळेच. शेजारशेजारच्या चुंबकांची दिशा उलटसुलट असल्याने आख्खी नळी एकदम चार्ज होत नाही. ती कापून, चुंबक सुटे काढून, पुन्हा भरावी लागते. हा खर्च नव्या नळीच्या आसपास जातो, म्हणून आम्ही तो सल्ला देत नाही. जळालेली नळी बदलून मिळत नाही याचा काहींना राग येतो. पण माल देताना आम्ही तुमच्यासमोर गॉसमीटर, म्हणजे चुंबकाची ताकद मोजणारं यंत्र, लावतो आणि रीडिंग बिलावर लिहून देतो. नुसता "एन-५२" असा ताकदीच्या ग्रेडचा शिक्का पाहून माल घेऊ नका, कोणाकडूनही घेतलात तरी मोजून घ्या.

शेंगदाणा चटणीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. भाजलेले दाणे गरम असतानाच ग्रिलवरून सोडू नका. गार करून सोडणं शक्य नसेल तर १५० अंशांपर्यंत टिकणारा 'एसएच' ग्रेड घ्या. त्यात सहसा डिस्प्रोसियम हा दुर्मिळ धातू मिसळावा लागतो. एप्रिल २०२५ पासून चीनने डिस्प्रोसियमच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं आहे, त्यामुळे हा माल महाग पडतो आणि वेळही लागतो. डाळमिलला त्याची गरज नाही. मागितलात तरी आम्ही आधी साधाच सुचवू.

३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची जाळी तुटून मालात पडली, किंवा पितळ-ॲल्युमिनियमचा तुकडा आला, तर तो चुंबकाकडून धरला जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याला मेटल डिटेक्टर लागतो. पेसमेकर बसवलेल्या कामगाराला ग्रिल साफ करायला देऊ नका. दोन नळ्या सुट्या असताना जवळ आणू नका, बोट चेंगरतं.

आता बसवण्याचं. आधी हॉपरला पट्टी वेल्ड करा, ती पूर्ण गार होऊ द्या, मग ग्रिल नट-बोल्टने कसा. हॉपरच्या तोंडाची लांबी-रुंदी आणि पत्र्याची जाडी सांगितलीत, तर भोकं पाडलेली पट्टी आम्ही ग्रिलसोबतच देतो, तिचे वेगळे पैसे नाहीत. हॉपर जुना, वाकडा असेल तर मापाऐवजी पुठ्ठ्याचा साचा कापून आणा.