अजिनोमोटो म्हणजे विष?

'चायनीजमध्ये अजिनोमोटो असतं आणि ते हळूहळू विषासारखं भिनतं,' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. चिनी मित्राच्या घरी जेवायला बसल्यावर तो आठवला, की हात आखडतोच.

अजिनोमोटो हे ब्रँडचं नाव. पदार्थ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, जेवणाला 'उमामी' ही खमंग चव देणारी पांढरी पूड. १९०८ साली जपानमध्ये कोम्बू या समुद्री शेवाळातून ही चव ओळखली गेली. आज ऊस, मका वगैरे आंबवून ते बनवतात. हेच ग्लुटामेट टोमॅटोत, मुरलेल्या चीजमध्ये, अगदी आईच्या दुधातही असतं आणि शरीर दोन्हींत फरक करत नाही. म्हणजे मित्राने पांढरी चिमूट टाकली नाही, तरी सोया सॉस आणि वाळवलेल्या शिताके मशरूममधून ते ताटात येणारच!

भीती पसरली ती १९६८मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या, चायनीज खाल्ल्यावर त्रास होतो असं सांगणाऱ्या एका पत्रानंतर. पुढे कोणाला काय दिलंय हे लपवून चाचण्या झाल्या, त्यांत त्रास सातत्याने दिसला नाही. रिकाम्या पोटी ३ ग्रॅमहून जास्त घेतल्यास काहींचं डोकं थोडा वेळ दुखू शकतं. जेवणात एवढं क्वचितच जातं. सोडियम मात्र त्यात आहे, मिठाच्या साधारण एक तृतीयांश.

पडताळायचंय? घरातल्या चिप्स, सूप, नूडल्सच्या पाकिटांवर ६२१ हा आकडा शोधा, तो मोनोसोडियम ग्लुटामेटचाच क्रमांक.