डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट (मुक्त कार्यप्रणालीवरील)

लिनक्ससारख्या मुक्त (म्हणजे जिचा कोड कुणालाही पाहता आणि बदलता येतो अशा) कार्यप्रणालीत खिडक्या, मेनू, पट्टी, फाइल मॅनेजर आणि सेटिंग्ज यांचा जो संच पडद्यावर दिसतो, त्याला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. विंडोजमध्ये हा भाग कार्यप्रणालीला चिकटलेलाच येतो. लिनक्सवर मात्र तो बदलता येतो, आणि नवखा माणूस नेमका इथेच गोंधळतो. उबुंटू, डेबियन, फेडोरा ही वितरणे, म्हणजे लिनक्सचे वापरायला तयार संच. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई हे त्यांवर चालणारे डेस्कटॉप. डेस्कटॉप आवडला नाही म्हणून अख्खे वितरण पुसून टाकण्याचे कारण नाही.

इतके पर्याय झाले ते मतभेदांतून. 1996 मध्ये मथियास एट्रिख यांनी केडीईची घोषणा केली, पण त्याचा पाया असलेल्या क्यूटी लायब्ररीचा (खिडक्या, बटणे काढणाऱ्या तयार कोडच्या संचाचा) परवाना तेव्हा पूर्ण मुक्त नव्हता. म्हणून 1997 मध्ये मिगेल द इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केला. पुढे 2011 मध्ये ग्नोम 3 ने जुनी मांडणी मोडली, तेव्हा नाराज मंडळींनी माटे आणि सिनॅमन हे डेस्कटॉप उभे केले.

गोव्यात 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला काही शाळांमध्ये परदेशातून आलेल्या वापरलेल्या संगणकांवर लिनक्स चालवले गेले. आजही घरात पडून असलेला 2 जीबी रॅमचा लॅपटॉप हीच अनेकांची पहिली प्रयोगशाळा असते. अशा यंत्रावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी घालावा. ग्नोम त्यावर रखडतो. मात्र हलका डेस्कटॉप घातला म्हणून ब्राउझर हलका होत नाही, आणि रॅम बहुधा तोच खातो. विंडोजची सवय असलेल्यांना सिनॅमन किंवा प्लाझ्मा लवकर हाताशी बसतो.

दिसण्यापेक्षा लिहिण्याची सोय आधी तपासावी, असे सुचवावेसे वाटते. 1987 च्या राजभाषा कायद्याने गोव्यात देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय वापरात स्थान मिळाले. त्यामुळे इथल्या संगणकावर देवनागरी लागतेच. सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या भागात इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कीबोर्ड मांडणी) जोडली की दोन्ही भाषांचे काम भागते. ग्नोममध्ये सुपर आणि स्पेस या कळा एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. सुपर म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेली कळ. मग ‘दऱ्या’ लिहून पाहावे: द आणि शेवटचा काना नेहमीसारखे, मधल्या ‘ऱ्य’साठी शिफ्टसह जे, नंतर डी, नंतर तिरप्या रेघेची (/) कळ. अर्धा र नीट उमटला तर फॉन्टही ठीक आहे असे समजावे.

सुरुवात लाइव्ह पेनड्राइव्हने, म्हणजे ज्यावरून कार्यप्रणाली थेट चालते अशा पेनड्राइव्हने करावी. डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज आणि प्रिंटर चालतात का ते कळते. दुसरा डेस्कटॉप नंतर पॅकेज मॅनेजरमधून (सॉफ्टवेअर घालण्या-काढण्याच्या साधनातून) घालता येतो. ग्नोमच्या लॉगिन पडद्यावर आधी आपले नाव निवडावे लागते, मगच कोपऱ्यात दातेरी चाक दिसते आणि त्यातून हवा तो डेस्कटॉप निवडता येतो. नाव न निवडताच चाक शोधत बसणारे बरेच. दोन डेस्कटॉप एकाच खात्यावर वापरले की मेनूत दोन-दोन फाइल मॅनेजर, दोन-दोन टर्मिनल (आज्ञा टाइप करायच्या खिडक्या) दिसू लागतात, कधी थीम आणि आयकॉनही एकमेकांत मिसळतात. म्हणून नव्या डेस्कटॉपची चाचणी वेगळे वापरकर्ता खाते उघडून त्यावर घ्यावी आणि पटल्यावरच तो आपल्या खात्यावर आणावा.