पर्यावरण संवर्धनातील प्रणालीविचार आणि डिझाइन

एखादी प्रजाती, नदी किंवा जंगल वाचवण्याचे काम सुटा प्रश्न म्हणून न घेता, जीव, पाणी, जमीन, बाजार आणि माणसे यांच्या गुंतागुंतीतले काम म्हणून पाहण्याची पद्धत. तिच्यात दोन विचार एकत्र येतात. प्रणालीविचाराचा प्रश्न असतो, ‘हे हलवले तर आणखी काय काय हलेल?’ डिझाइनचा प्रश्न त्याहून साधा: ‘हे वापरणार कोण, आणि तो का वापरेल?’ संवर्धनाच्या फसलेल्या योजना तपासल्या, तर यांपैकी एखादा प्रश्न विचारायचाच राहून गेल्याचे बरेचदा आढळते.

प्रणालीविचाराची मुळे अभियांत्रिकीत आहेत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जे फॉरेस्टर यांनी १९५०च्या दशकात कारखान्यांतील चढउतारांचा अभ्यास करताना साठा, प्रवाह, विलंब आणि प्रत्याभरण (परिणाम उलटून कारणावरच येणे) या भाषेत प्रणाली मांडायला सुरुवात केली. परिसंस्थाशास्त्रात सी. एस. हॉलिंग यांनी १९७३ मध्ये दाखवले, की परिसंस्था स्थिर दिसते म्हणजे ती धक्का पचवू शकते असे नव्हे. पुढे त्यांनीच अनुकूली व्यवस्थापनाची कल्पना रुजवली. तिच्यात प्रत्येक उपाय हा प्रयोग मानून, मोजमाप घेत घेत तो बदलत न्यायचा असतो. प्रणाली-अभ्यासक डोनेला मेडोज यांनी १९९९ मध्ये प्रणालीत हात घालण्याच्या बारा जागा प्रभावाच्या क्रमाने लावल्या. कर, अनुदाने आणि मानके यांचे आकडे त्यांनी तळाला ठेवले, तर प्रणालीचे उद्दिष्ट आणि त्यामागची धारणा वरच्या टोकाला. शासकीय धोरणांची बहुतेक झटापट मात्र तळाच्या पायरीवरच चालते.

ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातील मॅक्वारी बेटाचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या या बेटावर एकोणिसाव्या शतकात सील मारणाऱ्यांबरोबर मांजरे आणि ससे आले. सशांनी गवताळ उतार कुरतडून काढले, म्हणून १९७८ मध्ये सशांना मारणारा मिक्सोमा विषाणू सोडण्यात आला. ससे झपाट्याने घटले आणि भक्ष्य कमी झालेली मांजरे समुद्रपक्ष्यांवर तुटून पडली. १९८५ पासून मांजरांचे निर्मूलन सुरू झाले, शेवटचे मांजर २००० मध्ये संपले. मग ससे पुन्हा वाढले आणि काही वर्षांतच उतार उघडेबोडके झाले. मांजरे गेल्यामुळे ससे वाढले, की विषाणूची धार बोथट झाल्यामुळे, यावर संशोधकांत वाद आहे. प्रणालीत एका परिणामाचे एकच कारण काढून दाखवणे किती अवघड असते, हेही त्यातून कळते. अखेर ससे, उंदीर आणि घुशी यांना एकाच मोहिमेत घेतले गेले. हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकले, उरलेसुरले ससे कुत्र्यांनी हुडकून काढले आणि २०१४ मध्ये बेट उपद्रवमुक्त जाहीर झाले.

उलट, प्रणालीतला हरवलेला दुवा परत बसवला की सगळे आपोआप रुळावर येते, ही समजूतही टिकत नाही. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५-९६ मध्ये ३१ लांडगे सोडले. त्यांच्यामुळे एल्क हरणांवर वचक बसला आणि नदीकाठची विलो ही झुडपे पुन्हा फोफावली, ही गोष्ट लोकप्रिय आहे. प्रत्यक्षात लांडग्यांच्या गैरहजेरीत बीव्हर हे ओढ्यांवर बांध घालणारे प्राणी ओढे सोडून गेले होते, त्यांचे बांध नाहीसे झाले होते आणि भूजल खाली गेले होते. प्रयोगासाठी कृत्रिम बांध घातले आणि कुंपणही केले, तेव्हाच विलो चांगले वाढले.

डिझाइनची बाजू समजण्यासाठी कोळंबीच्या जाळ्यातील कासव-सुटका यंत्राकडे पाहावे. ट्रॉल म्हणजे बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात अडकलेल्या कासवाला श्वासासाठी वर येता येत नाही, त्यामुळे ते बुडून मरते. यंत्र म्हणजे जाळ्याच्या गळ्यात तिरपी बसवलेली धातूची जाळी. गजांमधले अंतर सुमारे दहा सेंटिमीटर. कोळंबी गजांतून मागच्या पिशवीत जाते, कासव उतारावरून घसरत झडपेतून बाहेर पडते. अमेरिकेतील सरकारी तज्ज्ञांनी केलेला पहिला नमुना पिंजऱ्यासारखा अवजड होता आणि मच्छीमारांनी तो नाकारला. जॉर्जियातील सिंकी बून या मच्छीमाराने जेलीफिश बाहेर फेकण्यासाठी साधी जाळी आधीच बनवली होती; पुढे रुळलेले नमुने त्या वळणाचे निघाले. तरीही सक्ती आली तेव्हा, १९८९ मध्ये, कोळंबी बोटींनी टेक्सासची बंदरे अडवली. काहींनी झडपाच शिवून टाकल्या, कारण झडपेतून निसटणारी प्रत्येक कोळंबी त्यांच्या खिशातून जात होती. झडप मोठ्या कासवांना अपुरी पडते हे नंतर लक्षात आले आणि २००३ च्या नियमाने ती रुंदावली.

वापरणारा दर वेळी माणूसच असतो असे नाही. कॅनडातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात महामार्गावर प्राण्यांसाठी पूल आणि भुयारी वाटा बांधल्या. ग्रिझली अस्वले आणि एल्क मोकळ्या, रुंद पुलांवरून जातात, काळी अस्वले आणि प्यूमा (मार्जार कुळातील शिकारी प्राणी) अरुंद भुयारे पसंत करतात. शिवाय ग्रिझलींना पुलांची सवय व्हायला काही वर्षे लागली. पहिल्या वर्षाच्या मोजणीवर निकाल दिला असता, तर पूल वाया गेले असेच म्हटले गेले असते.

या पद्धतीवरील आक्षेपांत प्रणालीच्या सीमेचा प्रश्न सर्वांत टोकदार आहे. आकृती काढणारा काय आत घेतो आणि काय बाहेर ठेवतो, यावर उत्तर बरेचसे ठरून जाते. कोळंबीचा बाजारभाव चौकटीबाहेर ठेवला, तर झडप शिवणारा मच्छीमार फक्त कायदा मोडणारा दिसतो. ही चौकट आखण्यात अशा मच्छीमारांचा वाटा किती, हा पुढचा प्रश्न. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये सामाईक संसाधने टिकवणाऱ्या समाजांची आठ रचनातत्त्वे मांडली. नियम ज्यांना लागू, त्यांना तो बदलण्यात वाटा असावा, हे त्यांपैकी एक.