शेकाची पिशवी घरी भरताना

आमच्याकडून नेलेली पिशवी रिकामी आहे, ती मुद्दामच. आत काय भरायचं ते दुखणं कुठलं आहे आणि घरात ती तापवणार कशावर, यावर ठरतं. म्हणून हा कागद सोबत देतो.

आधी कापडाबद्दल. पिशवी मांजरपाटाची आहे आणि शिवणीचा धागाही सुतीच आहे. हा आग्रह अनुभवातून आला. सुरुवातीच्या पिशव्या आम्ही नेहमीच्या पॉलिस्टर धाग्यानं शिवल्या होत्या. एका ताईंनी पिशवी तापल्या तव्यावर ठेवली, धागा वितळला, शिवण उसवली आणि तांदूळ गॅसवर सांडले. ताईंना भाजलं नाही, पण चूक आमची होती. तुम्ही घरच्या जुन्या कापडाची पिशवी शिवणार असाल तर एक सूत ओढून, चिमट्यात धरून जाळून बघा. कागद जळल्यासारखा वास आला आणि मऊ राख पडली तर सुती. टोकाला कडक मणी जमला तर ते कापड शेकाला नको. चेन, हूक, जरीचा काठ काहीही नको. मायक्रोवेव्हमध्ये धातूच्या ठिणग्या उडतात.

आत काय भरावं

रोजच्या वापराला जाडा, कोरडा तांदूळ सगळ्यात सोयीचा. ५ इंच × १० इंचाच्या पिशवीला साधारण अर्धा किलो लागतो. एक तृतीयांश जागा मोकळी सोडा. गच्च भरलेली पिशवी विटेसारखी होते आणि मानेला किंवा गुडघ्याला एकाच जागी टेकते. सैल भरलेली अंगाला बिलगते. आंबेमोहोर किंवा बासमती नका घेऊ, तापल्यावर भात शिजल्याचा वास खोलीभर राहतो.

जवस त्याहून मऊ बसतं, कारण दाणा चपटा आणि गुळगुळीत. पण त्यात तेल असतं, काही महिन्यांनी खवट वास येऊ लागतो, तेव्हा बदलावं. सर्दीनं नाक चोंदलं असेल तर आजी करायची तीच ओव्याची पुरचुंडी: दोन चमचे ओवा तव्यावर वास सुटेपर्यंत भाजायचा, रुमालात बांधायचा, हुंगायचा, मग छातीवर हलकेच फिरवायचा. खडे मीठ छान तापतं, मात्र पावसाळ्यात ओल धरतं, म्हणून शेक झाला की डब्यात काढून ठेवा.

तापवणं

पिशवी तव्यावर ठेवू नका. तांदूळ कढईत मध्यम आचेवर सतत हलवत गरम करा, रंग बदलायच्या आत उतरवा, पिशवीत ओता, नाडी बांधा. मायक्रोवेव्ह असेल तर शेजारी पाण्याचा कप ठेवा आणि ३०-३० सेकंदांनी थांबून, पिशवी हलवून पाहा. दाण्यातली थोडी ओल आतली ऊब धरून ठेवते. वारंवार तापवून ती उडते, दाणा करपतो. करपल्याचा वास आला की तो तांदूळ टाकून द्या. एकदा तापवल्यावर पूर्ण गार होऊ द्या, मगच पुन्हा तापवा.

अंगाला लावण्याआधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. चटका बसला तर मध्ये पातळ टॉवेल घाला. एका जागी १५ ते २० मिनिटं पुरे. पिशवी घेऊन झोपू नका. फार न भाजणारी उष्णतासुद्धा तासन् तास एकाच जागी राहिली तर कातडी भाजते.

मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना शेक देऊ नका. चटका बसतोय हे त्यांना कळत नाही, फोड आल्यावरच दिसतं. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या घरात अशी एक तरी वडीलधारी व्यक्ती असते, म्हणून हे ठळक सांगतो. तान्ह्या बाळाजवळही पिशवी नको. पाय मुरगळून ताजी सूज असेल तर पहिले ४८ तास बर्फ, शेक नंतर. पोटात उजवीकडे खाली तीव्र कळ असेल तर शेकत बसू नका, डॉक्टरांकडे जा. पाळीच्या दुखण्याला आणि आखडलेल्या कंबरेला मात्र बिनधास्त वापरा.

पिशवी धुताना आतलं सगळं काढून घ्या आणि कडक उन्हात वाळवा. ओलसर पिशवीत भरलेल्या तांदळाला बुरशी येते. शिवण सैल वाटली तर पिशवी रिकामी करून दुकानात आणा, पुन्हा शिवून देतो. त्याचे पैसे नाहीत.