स्वमग्नता : बालवयातील चाळणी

स्वमग्नतेची (ऑटिझमची, म्हणजे सामाजिक संवाद व वर्तन यांवर परिणाम करणाऱ्या विकासात्मक अवस्थेची) शक्यता लवकर ओळखण्यासाठी लहान मुलांची केली जाणारी प्राथमिक तपासणी. ती निदान नव्हे; पुढील तपासणी कोणाला हवी, एवढेच तीवरून ठरते.

‘ऑटिझम’ ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास छिन्नमनस्कतेच्या (स्किझोफ्रेनियाच्या) एका लक्षणासाठी वापरली. बालकांमधील अवस्थेचे पहिले वर्णन कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. हे श्रेय दीर्घकाळ अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर (१९४३, ११ मुले) व व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पेर्गर (१९४४) यांना दिले जाई. मॉस्को येथील बालमनोविकारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी मात्र सहा मुलग्यांविषयीचा लेख १९२५ मध्ये रशियन व १९२६ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केला होता. त्यांची संज्ञा ‘स्किझॉइड’ (छिन्नमनस्कतेशी साम्य असलेला) असल्याने काही अभ्यासक हा वेगळा विकार मानतात. परंतु वर्णनातील तपशील आजच्या निकषांशी इतके जुळतात, की अग्रमान सुखारेवांना देणे अधिक सयुक्तिक ठरते. आईच्या अलिप्तपणामुळे स्वमग्नता येते, हे मत जुळ्या भावंडांच्या १९७७ मधील अभ्यासानंतर टिकले नाही. पालकांनी तो दोष स्वतःकडे घेऊ नये.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट-आर’ ही २० प्रश्नांची हो-नाही प्रश्नावली रूढ आहे. प्रश्न २, ५ व १२ यांना ‘हो’ आणि उरलेल्यांना ‘नाही’ हे उत्तर जोखमीचे; अशा प्रत्येक उत्तराला एक गुण. एकूण ०–२ गुण कमी जोखमीचे. मात्र मूल २४ महिन्यांच्या आतील असल्यास दुसऱ्या वाढदिवसानंतर चाळणी पुन्हा करतात. ३–७ गुण आल्यास जोखमीची उत्तरे आलेल्या प्रश्नांवर सविस्तर मुलाखत घेतात व तीत दोन किंवा अधिक उत्तरे जोखमीची राहिल्यास मुलाला तज्ज्ञाकडे पाठवतात. ८ किंवा अधिक गुणांना थेट पाठवतात. नेहमीची चूक म्हणजे एकदोनदाच दिसलेल्या कृतीला ‘हो’ म्हणणे. बोट दाखवून आईचे लक्ष वेधणे क्वचितच घडत असेल, तर उत्तर ‘नाही’ हवे.

हाकेला प्रतिसाद नसल्यास श्रवणचाचणीही करावी. आलेले शब्द गेले, तर गुण कितीही असोत, ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून थांबणे घातक. वाचोपचार (बोलण्यासाठीचे उपचार) व व्यवसायोपचार (रोजच्या कृती शिकवणारे उपचार) निदानाची वाट न पाहता सुरू करता येतात.

भारतात स्वमग्नतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ (इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम) ही ४० बाबींची मापनश्रेणी वापरतात. ७० पेक्षा कमी गुण म्हणजे स्वमग्नता नाही.