हरितगृह वायूंच्या हिशेबाची हद्द कशी आखायची? गोव्यातील कारखाने आणि हॉटेलांसाठी माहिती

मोठ्या ग्राहक कंपनीकडून ‘तुमचं कार्बन उत्सर्जन कळवा’ असा मेल आला की वेर्णा-कुंडईतले बरेच उद्योजक थेट विजेची बिलं जमवायला लागतात. पण त्याआधी हद्द ठरवावी लागते. कोणाचं उत्सर्जन आपल्या खात्यावर घ्यायचं आणि कोणाचं नाही, हा तो निर्णय. त्यासाठी कुठल्या सरकारी खिडकीवर अर्ज भरायचा नसतो. निर्णय मात्र लेखी हवा. पडताळणीला येणारा माणूस बहुधा तोच कागद आधी मागतो.

कोणाला सक्तीचं?

बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना शेअर बाजाराची नियामक सेबी हिने २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरचा अहवाल, बंधनकारक केला आहे. माहिती एकट्या कंपनीची आहे की उपकंपन्यांसकट, हे त्यात सुरुवातीच्याच भागात विचारलेलं असतं. स्कोप १ (स्वतःचं थेट उत्सर्जन) आणि २ (विकत घेतलेल्या विजेचं) भरावेच लागतात, स्कोप ३ (पुरवठादार, ठेकेदार वगैरे इतरांकडचं) ऐच्छिक. केंद्राच्या २०२३ च्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत अधिसूचित झालेले कारखाने आणि युरोपला लोखंड-पोलाद पाठवणारे यांचे नियम वेगळे. तिथे कंपनीची नाही, त्या-त्या प्लांटची हद्द धरतात. बाकीच्यांना ग्राहक मागतो म्हणून करायचं.

मालक कोण, चालवतो कोण?

खरी डोकेदुखी इथे आहे. जीएचजी प्रोटोकॉल या हरितगृह वायू मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत तीन वाटा दिल्या आहेत: भागभांडवलातला हिस्सा, आर्थिक नियंत्रण आणि कामकाजावरचं नियंत्रण. यातली एक निवडायची आणि सगळ्या युनिटांना तीच लावायची.

समजा, कळंगुटला एक हॉटेल आहे. इमारत बार्देशातल्या एका कुटुंबाच्या कंपनीची, आणि व्यवस्थापन करारावर ते चालवते बाहेरची हॉटेल साखळी. जनरेटर कधी लावायचा, एसी कुठला बसवायचा हे साखळी ठरवत असेल, तर कामकाजाच्या नियंत्रणाच्या पद्धतीत डिझेल, स्वयंपाकाचा गॅस आणि वीज साखळीच्या स्कोप १ आणि २ मध्ये जातात. नफा-जोखीम कुटुंबाच्या कंपनीकडे असेल आणि तिने आर्थिक नियंत्रणाची वाट धरली, तर हेच आकडे तिच्या खात्यावर येतात. म्हणून व्यवस्थापन करारातलं ‘कामकाजाची धोरणं ठरवायचा आणि राबवायचा अधिकार कोणाचा’ हे कलम नीट वाचा. निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो.

भागीदारीतल्या युनिटचंही तसंच. डिचोलीतल्या युनिटमध्ये तुमचा ४० टक्के हिस्सा असेल, तर हिश्शाच्या पद्धतीत ४० टक्के उत्सर्जन तुमचं. कामकाजाच्या पद्धतीत एकतर पूर्ण तुमचं, नाहीतर शून्य. माझ्या मते लहान कंपनीला कामकाजाची वाट सोयीची, कारण बिलं चालवणाऱ्याच्याच टेबलावर येतात. सगळ्यात जास्त डिझेल जाळणारं युनिट बाहेर राहावं म्हणून पद्धत निवडू नका, ते लगेच नजरेत येतं.

काय कुठे टाकायचं?

तुमच्या ताब्यात जळतं ते स्कोप १: जनरेटर, बॉयलर, स्वतःच्या गाड्या, एसीतून गळणारा वायू. डिझेलचा एक लिटर म्हणजे साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. काजूच्या टरफलांवर बॉयलर चालत असेल, तर त्याचा कार्बन डायऑक्साइड स्कोपबाहेर वेगळा दाखवायचा, पण त्यातून निघणारे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड स्कोप १ मध्येच. जुन्या एसीतला आर-२२ हा थंडाव्याचा वायूही वेगळ्या रकान्यात.

विकत घेतलेली वीज स्कोप २. बिल घरमालकाच्या नावावर असलं, तरी भाड्याच्या शेडमध्ये वापर तुमचा असेल तर ती तुमचीच. छपरावरच्या सोलरमधून ग्रिडला दिलेली युनिटं मात्र इथे वजा करता येत नाहीत. गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा घ्या, विजेच्या दर युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड.

ठेकेदाराची कामगार बस, पाण्याचा टँकर, मांडवीतून माल नेणारी दुसऱ्याची बार्ज हे सगळं स्कोप ३.

कागदपत्रं

भागधारक करार, भाडेकरार किंवा व्यवस्थापन करार, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संचालन संमती, एप्रिल ते मार्चची सगळ्या मीटरची बिलं, डिझेलची खरेदी नोंदवही, गॅस सिलिंडरच्या पावत्या, गाड्यांची आरसी पुस्तकं. एसी मेकॅनिकची बिलं सगळ्यात आधी शोधा. ‘गॅस भरला’ एवढंच लिहिलेली पावती चालत नाही, कोणता वायू आणि किती किलो ते हवं. आधीच्या वर्षाचं बिल असं मोघम असेल, तर मेकॅनिककडून लेखी तपशील घ्या.

मग दोन-तीन पानांचं हद्दपत्र करा: युनिटांची यादी, निवडलेली पद्धत, पायाभूत वर्ष (ज्याच्याशी पुढच्या वर्षांची तुलना करायची ते), वगळलेल्या गोष्टी आणि त्यांची कारणं. संचालकाची सही घ्या. पुढे युनिट विकलं किंवा नवं घेतलं आणि आकडा लक्षणीय बदलला, तर पायाभूत वर्ष पुन्हा मोजावं लागतं. किती टक्के बदल झाला की ते करायचं, हेही त्याच पत्रात लिहून ठेवा. बऱ्याच कंपन्या ५ टक्के धरतात.